आधी शाफ्ट मोजा, मग हॉर्सपॉवर: शिडाच्या छोट्या होडीचं आऊटबोर्ड

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. होडी २१ फुटी, माणसं-सामानासकट वजन सुमारे ९०० किलो. मागच्या ट्रान्समवर, म्हणजे मागच्या उभ्या फळीवर, खालीवर होणारा ब्रॅकेट आहे आणि त्यावर शॉर्ट शाफ्टचं (शाफ्ट म्हणजे इंजिनापासून खाली पाण्यातल्या पंख्यापर्यंत जाणारा दांडा), ४ हॉर्सपॉवरचं जुनं टू-स्ट्रोक आऊटबोर्ड, म्हणजे होडीबाहेर लटकणारं मशीन. ते आता थकलंय. एक मित्र म्हणतो ९.८ हॉर्सपॉवरचं घ्या, ताकद हाताशी असलेली बरी. दुसरा म्हणतो शिडाच्या होडीला २.५ पुष्कळ झालं. घरच्यांना पेट्रोलचा वास नको, म्हणून त्यांचा कल इलेक्ट्रिककडे. ऐकायचं कोणाचं?

लहान होड्यांना अशी मशीनं बसवण्यात, काढण्यात आणि त्यांचे कार्ब्युरेटर साफ करण्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत. माझं उत्तर आधीच सांगतो: फोर-स्ट्रोक, ५ किंवा ६ हॉर्सपॉवर, शाफ्ट किमान लाँग आणि बहुतेक एक्स्ट्रा लाँग, पंखा कमी पिचचा (पिच म्हणजे काय ते पुढे येतंच). पण यातला हॉर्सपॉवरचा आकडा सगळ्यात कमी महत्त्वाचा आहे, आणि लोक नेमके त्याच्यावरच रात्र रात्र वाद घालतात.

तो आकडा आधी निकालात काढू. तुमची होडी स्पीडबोटीसारखी पाण्यावर उचलली जात नाही, ती पाणी बाजूला सारत चालते. चालताना ती नाळेपाशी, म्हणजे पुढच्या टोकापाशी, एक लाट उठवते, आणि वेग वाढेल तशी ती लाट लांब होत जाते. लाटेची लांबी होडीच्या पाणरेषेइतकी (पाण्याच्या पातळीला होडीची जेवढी लांबी असते तेवढी) झाली की होडी स्वतःच्याच दोन लाटांमधल्या खळग्यात बसते. तिथून पुढे जाणं म्हणजे चढ चढणं. हा वेग काढायचं सूत्र सोपं आहे: पाणरेषेची लांबी फुटांत घ्या, तिचं वर्गमूळ काढा, १.३४ ने गुणा, उत्तर नॉटमध्ये, म्हणजे तासाला सागरी मैलांत, येतं. २१ फुटी होडीची पाणरेषा साधारण १८ फूट धरली तर ५.७ नॉट. मागे ६ लावा नाहीतर १५ लावा, ही मर्यादा जागची फारशी हलत नाही. जास्तीच्या ताकदीने मागची बाजू खाली बसते, नाळ वर उचलते आणि पेट्रोल जळतं.

शांत पाण्यात तुमची होडी ५ नॉटने न्यायला इंजिनाचे दीड ते दोन हॉर्सपॉवर पुरतात. म्हणजे २.५ वाला मित्र शांत पाण्यापुरता बरोबर आहे. पण मशीनची खरी गरज शांत पाण्यात पडतच नाही. वारा समोरून २० नॉटने येतोय, दिवस मावळतीला आलाय, शिडांवर पुढे सरकता येत नाही, तेव्हा ती पडते. डोलकाठी, तारा, गुंडाळलेलं शीड, केबिन, बसलेली माणसं असं सगळं मिळून ४ चौरस मीटर धरलं, तर तो वारा होडीला जवळपास २५ किलोच्या जोराने मागे ढकलतो. ५ नॉटला पाण्याचा जो विरोध असतो त्याहूनही हा जोर जास्त आहे. आणि वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो, १० चे २० नॉट झाले की चौपट. त्यात आखूड उभ्या लाटा आल्या की प्रत्येक लाट होडीला थोडं थोडं थांबवते. यासाठी दर २५० किलोमागे १ हॉर्सपॉवर हा जुना ठोकताळा मला पटतो. तुमच्या ९०० किलोंना त्याने साडेतीन-चार येतात. वर थोडा हात राखून ५ किंवा ६.

४, ५ की ६ यात फार डोकं शिणवू नका. तोहात्सू कंपनीची ४, ५ आणि ६ ही तिन्ही मशीनं एकाच १२३ सीसीच्या एक सिलिंडरी इंजिनावर बांधलेली आहेत, वजन तिन्हींचं साधारण २६ किलो. वजन तेच असेल तर ६ घ्या आणि निम्म्या-पाऊण थ्रॉटलवर चालवा. पण ८ आणि ९.८ कडे गेलात की इंजिनच वेगळं, २०९ सीसी, दोन सिलिंडर आणि वजन ३७ किलोच्या पुढे. या ११ किलोंबद्दल पुढे बोलतो.

आता मुख्य मुद्दा: शाफ्ट.

एकदा खाडीच्या तोंडातून बाहेर पडत होतो. ओहोटीचं पाणी बाहेर धावत होतं, वारा समुद्रावरून आत, आणि दोघांच्या भांडणात आखूड, उभ्या, जवळजवळ लाटा उठल्या होत्या. माझ्याकडे ८ हॉर्सपॉवरचं चांगलं दणकट मशीन होतं, पण शाफ्ट शॉर्ट. नाळ लाटेच्या खळग्यात गेली की मागची बाजू वर यायची, पंखा हवेत उघडा पडायचा आणि इंजिन किंचाळायचं. पंखा परत पाण्यात जाऊन पकड घेईपर्यंत पुढची लाट हजर. पुढच्या शिडाची दोरी अडकली म्हणून सोबती नाळेकडे गेला, तसा त्याच्या वजनाने पंखा बाहेरच राहू लागला. होडी आडवी व्हायला लागली. त्याला मागे बोलावलं, मोठं शीड लहान बांधून चढवलं आणि शिडांवर आत परत आलो. पुढच्या हंगामात त्याच होडीला ६ हॉर्सपॉवरचं एक्स्ट्रा लाँग शाफ्टचं मशीन लावलं. तसल्याच पाण्यातून ते कुरकुर न करता बाहेर घेऊन गेलं. ताकद २ हॉर्सपॉवरने कमी, पण सगळी पाण्यात.

शाफ्टची मापं तीन: शॉर्ट १५ इंच म्हणजे ३८ सेंटिमीटर, लाँग २० इंच म्हणजे ५१, एक्स्ट्रा लाँग २५ इंच म्हणजे ६३ च्या थोडं वर. मशीन जिथे अडकतं त्या कडेपासून पंख्याच्या वर असलेल्या आडव्या चपट्या पट्टीपर्यंत हे माप घेतात. या पट्टीला सगळे कॅव्हिटेशन प्लेट म्हणतात. नाव चुकीचं आहे. कॅव्हिटेशन म्हणजे पात्यांवरचा दाब इतका उतरणं की तिथल्या पाण्याचीच वाफ व्हावी. आपल्याला छळतं ते वेगळं: पंखा पृष्ठभागावरची हवा खाली ओढून घेतो आणि पकड सुटते. ती हवा अडवणं हे या पट्टीचं काम. पट्टी पाण्याबाहेर आली की तुमचा पंखा पाणी कमी आणि फेस जास्त ढकलतो.

मोजायचं कसं? होडी पाण्यात ठेवा, नेहमीचं सामान भरा, माणसं नेहमीच्या जागी बसवा. ब्रॅकेट पूर्ण खाली करा. मशीन अडकतं त्या फळीच्या वरच्या कडेपासून पाण्यापर्यंतचं उभं अंतर घ्या. समजा ३५ सेंटिमीटर आलं. शॉर्ट शाफ्ट लावलात तर पट्टी पाण्याखाली जेमतेम ३ सेंटिमीटर, लाँग लावलात तर १६, एक्स्ट्रा लाँग लावलात तर २८. आता एका माणसाला नाळेवर उभं करा, नांगर टाकायला किंवा मुरिंगची (पाण्यात होडी बांधायच्या कायमच्या जागेची) दोरी उचलायला जातो तसं, आणि परत मोजा. २१ फुटी होडीची मागची बाजू ८-१० सेंटिमीटर सहज वर येते. म्हणजे शॉर्ट शाफ्टची पट्टी हवेत गेली. आणि हे सपाट पाण्यात, लाटा अजून यायच्या आहेत. मला स्वतःला माणसं बसलेली असताना पट्टी निदान १५ सेंटिमीटर खाली हवी असते, आणि उघड्या समुद्रावर जायचं असेल तर २० च्या पुढे.

मग सरसकट सगळ्यात लांब शाफ्टच का घेऊ नये? दोन गोष्टी तपासाव्या लागतात. ब्रॅकेट वर घेऊन मशीन तिरकं केल्यावर पंखा पाण्याच्या पूर्ण बाहेर येतो का, आणि तिरकं होताना ते सुकाणूला किंवा मागच्या कठड्याला अडतं का. पंखा पाण्यात लोंबकळत राहिला तर हलक्या वाऱ्यात अर्धा नॉट सहज जातो, शिवाय खाऱ्या पाण्यात तो सडतो. उलट चूकही होते. शाफ्ट आखूड म्हणून ब्रॅकेटच फार खाली बसवतात, मग मागून आलेली लाट थेट इंजिनाच्या डोक्यावर आदळते. पंखा खोल आणि इंजिन उंच, हे लांब शाफ्टनेच साधतं.

आता पंखा. हे मुद्दाम सविस्तर लिहितो, कारण दुकानात याबद्दल कोणी विचारत नाही. पिच म्हणजे पंखा एका फेऱ्यात, तो लोण्यातून जातोय असं धरलं तर, किती इंच पुढे सरकेल ते अंतर. इंजिन मिनिटाला ५,५०० फेरे घेतंय, गिअर २.०८ ला १ (इंजिनाचे २.०८ फेरे, पंख्याचा १) आणि पिच ८ इंच असा हलक्या डिंगीसाठी, म्हणजे छोट्या उघड्या होडीसाठी, नेहमी दिसणारा हिशोब मांडला, तर पंख्याचा कागदावरचा वेग १७ नॉटच्या वर जातो. तुमची होडी चालणार ५ ने. उरलेला सगळा फरक म्हणजे पाणी घुसळणं. पात्यांवर पाणी फार तिरकं येतं, इंजिन दमतं आणि पूर्ण थ्रॉटलला ते ५,००० च्या वर जातच नाही. आता गिअर २.९२ ला १ आणि पिच ६ घ्या. कागदावरचा वेग ९ नॉटच्या थोडा वर येतो. पंखा सावकाश फिरतो, मोठा बसवता येतो, एका वेळी जास्त पाणी धरतो. यामाहाच्या हाय थ्रस्ट मशीनांचं गुपित हेच आहे: इंजिन तेच, खालचा गिअर २.९२ चा आणि पंखा मोठा. तो गिअर ८-९.९ च्या वर्गात मिळतो, वजनही त्याबरोबर येतं. ५-६ च्या मशीनला गिअर बदलता येत नाही, पण कमी पिचचा पंखा लावता येतो. तोहात्सूचं सेलप्रो नावाचं ६ चं मशीन कारखान्यातूनच २५ इंची शाफ्ट, जास्त जोराचा पंखा आणि बॅटरी चार्जिंग घेऊन येतं. तुमच्यासारख्या होडीला डोळ्यांसमोर ठेवूनच ते बनवलेलं आहे.

पंखा योग्य आहे की नाही हे ओळखायला टॅकोमीटर, म्हणजे इंजिनाचे फेरे मोजणारा मीटर, लागतो. स्पार्क प्लगच्या वायरीला गुंडाळायचा छोटा मिळतो. होडी भरलेली असताना पूर्ण थ्रॉटल द्या. कंपनीने सांगितलेल्या पट्ट्यात, बहुतेक ५,००० ते ६,००० मध्ये, इंजिन पोचलं पाहिजे. खाली राहिलं तर पिच कमी करा, वर पळालं तर वाढवा. धक्क्याला बांधून ही चाचणी करू नका. थांबलेल्या होडीवर आकडा नेहमी कमीच येतो आणि तुम्ही चुकीचा पंखा आणून बसता.

रिव्हर्सकडे मी ब्रेक म्हणून बघतो. ९०० किलोंची होडी ३ नॉटने धक्क्याकडे येत असेल तर ती हातापायांनी थांबवायची नसते, माणसं अशीच बोटं गमावतात. २.५-३.५ च्या बहुतेक मशीनांना फक्त फॉरवर्ड आणि न्यूट्रल असतं. मागे जायचं तर अख्खं मशीन गरकन फिरवायचं. डिंगीवर ते चालतं. तुमच्या होडीवर, ब्रॅकेट खाली असताना, ट्रान्समवरून वाकून घाईत ते फिरवणं जमत नाही, आणि सुकाणू मध्ये येतो तो वेगळाच. २.५ ला माझा खरा विरोध इथे आहे, ताकदीचा मुद्दा दुसरा. रिव्हर्समध्ये अजून एक: इंजिनाचा धूर पंख्याच्या मधल्या नळीतून बाहेर पडतो. मागे जाताना पंखा तोच धूर परत चिवडतो आणि पकड सोडतो. जास्त जोराच्या काही पंख्यांमध्ये हा धूर पात्यांपासून दूर वळवलेला असतो, म्हणून ते रिव्हर्समध्ये कितीतरी चांगले ओढतात. गिअरचा दांडा मशीनच्या पुढच्या बाजूला आहे की कुशीला, हेही बघून घ्या. कुशीचा दांडा कॉकपिटमधून, म्हणजे मागच्या बसायच्या जागेतून, हाताला लागत नाही.

मशीन आणि सुकाणू एकत्र कसे वागतात तेही सांगतो. ब्रॅकेट सहसा एका बाजूला असल्यामुळे पंख्याचं पाणी सुकाणूवर पडत नाही. होडी जवळपास थांबलेली असताना सुकाणू कितीही वळवा, काही होत नाही. तेव्हा मशीनच वळवायचं. हे कळलं की छोट्या जागेत आऊटबोर्डवाली होडी आत बसवलेल्या इंजिनापेक्षा चांगली फिरते, जागच्या जागी म्हणावी इतकी.

वजनाकडे येतो. २६ आणि ३७ मधला फरक कागदावर ११ किलो. पण तो होडीच्या अगदी टोकाला, ट्रान्समच्याही मागे लटकतो. तिथे ट्रान्सम पाण्यात बुडला की मागे पाणी ओढलं जातं आणि हलक्या वाऱ्यात होडी जड होते. विश्वास नसेल तर २५ लिटरचा पाण्याचा कॅन ब्रॅकेटवर बांधून एक दुपार शिडांवर फिरा, मग अजून दहा-बारा लिटरचा कॅन जोडून दुसरी. दुसऱ्या दुपारी सुकाणूच्या दांड्यात फरक कळेल. वर्षातून ज्या गोष्टीसाठी होडी बाहेर काढता ते शिडांवर चालणं, आणि मशीन धक्का सोडताना-धरताना. त्यात ३७ किलोंचं मशीन हिवाळ्यात एकट्याने काढून घरी नेता येत नाही. २६ किलोंचं नेता येतं, तेही जपून.

ब्रॅकेटची स्वतःची मर्यादा असते. जुने ब्रॅकेट टू-स्ट्रोकच्या काळातले, हलक्या मशीनांसाठी केलेले. त्यावर किती किलो आणि किती हॉर्सपॉवर चालतात ते छापलेलं असतं. स्प्रिंगा थकल्या असतील, फळी आतून कुजली असेल तर आधी तो खर्च करा. मशीनच्या दोन्ही क्लॅम्पना पकड घट्ट करून वर एक मजबूत दोरी होडीला बांधून ठेवा. थरथरीने क्लॅम्प ढिले होतात, आणि तळाशी गेलेलं मशीन परत येत नाही.

इलेक्ट्रिकबद्दल मला आस्था आहे, म्हणून हिशोब मांडतो. १ किलोवॅटच्या वर्गात टॉर्कीडोचं ट्रॅव्हल ११०३ आहे, बॅटरी ९१५ वॅट-तासांची. ईप्रॉपल्शनचं स्पिरिट १.० इव्हो आहे, बॅटरी १,२७६ वॅट-तासांची. ९१५ घेऊ. पूर्ण जोरात पाऊण-एक तास, तुमच्या होडीवर साधारण सव्वाचार नॉट, म्हणजे ४ सागरी मैलांच्या आतबाहेर. निम्म्या जोरात सुमारे पावणेदोन तास, साडेतीन नॉटच्या जवळ, ६ मैल. पाव जोरात साडेतीन तास, पावणेतीन नॉट, ९-१० मैल. ताकद वेगाच्या साधारण घनाने वाढते, म्हणून सावकाश गेलात की पल्ला असा लांबतो. पण हे सगळं शांत पाण्यातलं. २० नॉट वारा समोरून आला की पूर्ण जोर लावूनही होडी दीड-दोन नॉटने रांगेल आणि बॅटरी तासाभरात संपेल. त्याउलट ६ चं पेट्रोल मशीन ५ नॉटला तासाला लिटर-सव्वा लिटर पितं. १२ लिटरच्या बाहेरच्या टाकीत दिवसभराचा पल्ला मिळतो. तुमची जागा धक्क्यापासून मोकळ्या पाण्यापर्यंत मैलाच्या आत असेल, आडोशाचं तळं असेल, प्रवाह नसेल, तर घरच्यांचंच ऐका. आवाज नाही, कार्ब्युरेटर नाही, एका बोटाने सुरू. खाडी, ओहोटी, उघडा समुद्र असेल तर पेट्रोल.

पेट्रोल घेतलंत तर त्याच्या वाफेचं भान ठेवा. ती हवेपेक्षा जड असते, केबिनच्या तळाशी जाऊन साचते आणि एका ठिणगीची वाट बघते. टाकी केबिनमध्ये कधीच नाही. होडीबाहेर निचरा होणाऱ्या, हवा खेळणाऱ्या कप्प्यात ठेवा आणि भरताना धक्क्यावर जमिनीला टेकवून भरा. आतल्या एक लिटरच्या टाकीवर अवलंबून राहू नका, हलत्या होडीत वाकून पेट्रोल ओतायची वेळ नेमकी वाईट जागी येते. या मशीनांची बहुतेक दुखणी जुन्या पेट्रोलची असतात. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल पाणी शोषतं, महिनोनमहिने पडून राहिलं की कार्ब्युरेटरच्या केसासारख्या छिद्रांत चिकटा धरतो, आणि मग न्यूट्रलमध्ये इंजिन टिकत नाही. काही आठवडे जायचं नसेल तर पेट्रोलची नळी काढा, आतल्या टाकीचा कॉक बंद करा आणि इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा. खाऱ्या पाण्यातून आल्यावर गोड्या पाण्यात धुवा. मागून पिचकारीसारखी जी बारीक धार येते ती सुरू केल्याबरोबर बघायची सवय लावा. धार नाही म्हणजे आतलं पाणी फिरत नाही, लगेच बंद करा. घरी नेताना मशीन त्यावर खूण केलेल्या कुशीवरच आडवं ठेवा, नाहीतर तेल सिलिंडरमध्ये उतरतं.

६ च्या मशीनमधून बॅटरीला ५ अँपिअरच्या आसपास मिळतात, तेही चांगल्या वेगावर. दिवे आणि रेडिओ भागतात. फक्त चार्जिंगसाठी मोठं मशीन घेण्यापेक्षा एक सोलर पॅनल बसवा.

तेव्हा या आठवड्यात मशीन बघायला जाऊ नका. माणसं बसवून ब्रॅकेटपासून पाण्यापर्यंतचं अंतर मोजा, एकदा सगळे मागे असताना आणि एकदा कोणी नाळेवर उभं असताना. ब्रॅकेटवर छापलेली वजनाची मर्यादा वाचून घ्या. हे तीन आकडे कळवा, मग ५१ चा शाफ्ट घ्यायचा की ६३ चा ते सांगतो.